दिलेली प्रत परत मागताना

नोटीस बाहेरून आली असती तर वहिनींनी ती पाण्याबरोबर गिळली असती. ती घरातून आली होती, म्हणून घशात अडकली.

खाली औषधांचं दुकान आणि वर घर, अशी त्या कुटुंबाची मांडणी होती. दुकान धाकट्या दिराचं. त्यांची बायको शाळेत शिकवायची. थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, बोटीवर इंजिनाच्या कामाला. त्याचं अर्धं आयुष्य पाण्यावर. आणि वहिनी वरच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून 'ओळख' नावाचा प्रोग्राम सांभाळायच्या. घरातले त्यांना वहिनी म्हणत, म्हणून दुकानातली गिऱ्हाइकंही वहिनी म्हणू लागली, आणि पुढे इंटरनेटवर त्यांनी तेच नाव घेतल्यामुळे ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी मराठी बोललं नसेल अशी माणसंही "डिअर वहिनी" असं लिहायची. दीर कितीही असोत, माया आटत नाही, असं त्या गमतीनं म्हणायच्या.

ओळखचं काम साधं होतं. वेष्टनातून निघालेली सुटी गोळी असते ना, पिशवीच्या तळाशी, उशीखाली, म्हाताऱ्या माणसाच्या खिशात सापडणारी, तिचा फोटो काढून दाखवला की ओळख सांगायचा ती कोणती आणि कशावरची. प्रोग्राम फुकट आणि ओपन सोर्स. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा, शेजाऱ्याला द्यावा. कुणी घेतला याची नोंद वहिनी मुद्दामच ठेवत नसत. देवाच्या दारात हजेरीपट घेऊन कुणी बसत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते त्यांच्या मनापासूनचं होतं.

पण ओळखच्या स्वतःच्या डोक्यात काहीच नव्हतं. सगळी विद्या भांडारातली. गोळ्यांचं भांडार म्हणजे देशोदेशीच्या औषधवाल्यांनी, परिचारिकांनी, दवाखान्यातल्या मदतनीसांनी मिळून उभा केलेला डेटाबेस. गोळी काळ्या कापडावर ठेवायची, दोन्ही बाजूंनी फोटो काढायचा, वरचा ठसा, रेघ, रंग, काठ सगळं टिपायचं आणि भांडारात टाकायचं. भाऊजीही दुपारी गिऱ्हाईक नसलं की हाच उद्योग करायचे. पैसा कुणाला मिळत नव्हता. लायसन्समध्ये अट एकच होती: इथे येऊन बघा, हवं तितकं बघा, तुमचा प्रोग्राम खुशाल जोडा, पण भांडाराची प्रत काढून पुढे वाटू नका. ज्यांनी ज्यांनी फोटो दिले त्यांनी याच अटीवर दिले होते.

ती अट वहिनींनी मोडली. ओळखच्या नव्या आवृत्तीबरोबर त्यांनी भांडाराची अख्खी प्रतच बांधून दिली, म्हणजे जिथे रेंज नाही तिथेही प्रोग्राम चालावा.

आता भांडाराच्या कारभारी मंडळाचं पत्र आलं होतं. लिहिलं होतं भांडाऱ्यांनी. दूरदेशीचे हे निवृत्त प्राध्यापक भांडाराची राखण करायचे आणि तारेसारखी पत्रं लिहायचे, शब्दाला पैसे पडत असावेत तशी. आज संध्याकाळपर्यंत प्रत मागे घ्या, नाहीतर ओळखची जोडणी तोडतो. म्हणजे रेंज असलेल्या दवाखान्यांतही उद्यापासून ओळख आंधळा. खाली मंडळातल्या सगळ्यांच्या सह्या होत्या, आणि त्यात एक सही भाऊजींची.

दुपारी तिघं जेवायला बसली. जाऊबाईंना सुट्टी होती.

"सही केलीत ती केलीत," वहिनी म्हणाल्या. "दोन पायऱ्या चढून तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं. तुम्ही हसून चहा दिलात."

मग जे सुरू झालं ते जाऊबाईंनी दोनदा थांबवून पाहिलं आणि सोडून दिलं. वहिनींचं म्हणणं असं की ज्ञान अडवून ठेवणं हेच मुळात पाप. माणसं देवाला स्मरून फोटो देतात, आणि हे बसलेत त्यावर नागोबासारखे. ज्याला रेंज आहे त्याला शेजारी डॉक्टरही आहे, दुकानही आहे. खरी गरज ज्याला आहे त्यालाच तुमची अट आडवी येते. तहानलेल्याला आधी विहिरीचे कागद दाखवा म्हणणारी जात तुमची, इथपर्यंत त्या गेल्या.

भाऊजी शांतपणे जेवत होते. शांतपणे जेवणारा माणूस भांडताना फार चीड आणतो.

"वहिनी, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं?" ते म्हणाले. "प्रोग्राम तुमचा. तो वाटा, उधळा, कोण बोलतंय. भांडार तुमचं नाही. माझंही नाही. आम्ही प्रत देऊ नका म्हणतो ते कंजूषपणानं नाही. भांडारात रोज दुरुस्त्या होतात. कंपन्या बुडतात, ठसे बदलतात, रंग बदलतात. तुम्ही प्रत काढलीत त्या दिवसापासून ती शिळी व्हायला लागली."

दर आवृत्तीबरोबर ताजी प्रत देईन की, असं वहिनी म्हणाल्या. आणि ती ताजी आवृत्ती रेंज नसलेल्या माणसापर्यंत कोण नेणार, असं भाऊजींनी विचारलं. वाद हातचा जाऊ लागला की माणूस साक्षीदार आणतो. वहिनींनी मोबाइल उचलला.

घाटावर वृद्धांचा एक आश्रम होता. तिथल्या प्रमुख परिचारिकेला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. वर रेंज नावाला नाही. कचेरीत एक तारेचा फोन, तेवढाच. प्रत बांधून द्यायची कल्पना वहिनींना सुचली ती याच बाईंमुळे. आणि आज सकाळी सिस्टर सामानाच्या गाडीबरोबर खाली बाजारात उतरल्या तेव्हा त्यांनी फोटो पाठवला होता: स्टीलच्या ट्रेमध्ये गोळ्यांचे छोटे छोटे ढीग, बाजूला कॉम्प्युटरचा पडदा, कोपऱ्यात सिस्टरांचा अंगठा. खाली लिहिलं होतं की काल नवे बाबा दाखल झाले, मुलानं सुट्या गोळ्यांची पिशवी हातात ठेवली, ना चिठ्ठी ना चपाटी; पण तुमच्या ओळखनं एकूण एक ओळखून दिल्या, देव तुमचं भलं करो.

"हे बघा," वहिनींनी मोबाइल भाऊजींच्या ताटाशेजारी आपटला. "यांच्या हातातलं काढून घ्यायला निघालात तुम्ही."

भाऊजींनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. मग डाव्या हातानं चष्मा लावला आणि चित्र मोठं केलं. त्यांचा घास थांबला.

"ही पांढरी. हिच्यावर नांगर आहे."

"असेल."

"ओळख हिला काय म्हणतोय? वाचा तुम्ही, मला नीट दिसत नाही."

वहिनींनी पडद्यावरची ओळ वाचली. पित्ताची गोळी, जळजळ झाल्यास जेवणानंतर एक.

भाऊजी उष्ट्या हातानंच उठले. बोटीचा नांगर हा ठसा एका छोट्या कंपनीचा, पित्ताच्या गोळीवरचा. त्या गोळीचा फोटो भांडारात होता तो भाऊजींनीच काढलेला. पण कंपनी बुडाली. तिची यंत्रं साच्यांसकट दुसऱ्या कंपनीनं घेतली, आणि तोच नांगर आता बी.पी. उतरवायच्या गोळीवर बसला होता. नवा माल दुकानात आला त्याच दिवशी भाऊजींनी भांडारात दुरुस्ती केली होती, वर लाल इशारा लावून.

"भांडारात केली," ते म्हणाले. "तुमच्या प्रतीत नाही ती."

आता भांडणात कुणाला रस उरला नव्हता. ते नवे बाबा बी.पी.चे असतील का, हा एकच प्रश्न तिघांच्या तोंडावर होता. त्या वयात कोण नसतं. म्हणजे त्यांची रोजची बी.पी.ची गोळी वेगळी, आणि वर पित्ताची म्हणून ही. वहिनींनी आश्रमाचा नंबर लावला. तिकडे घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. वाजत राहिली. ही वेळ सगळ्यांना जेवू घालायची. कचेरीत कोण असणार.

जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं निघा. मी इथून फोन करत बसते. डॉक्टरांनाही मीच सांगते." आश्रमाला भेट देणारे डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते. शाळेतल्या बाईंचं एक बरं असतं, अर्ध्या जगाची मुलं त्यांच्या वर्गात असतात.

भाऊजींनी दुकानातून रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं, स्कूटर काढली. वहिनी लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून मागे बसल्या. ती त्यांनी का घेतली हे त्यांना सांगता आलं नसतं. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो.

घाटाचा रस्ता अरुंद. पुढे एक लाकडांची लॉरी चढत होती, गोगलगाईला लाज वाटेल अशा चालीनं, आणि वळणावळणावर तिला ओलांडायची सोय नव्हती. भाऊजी हॉर्न वाजवत राहिले. वहिनींच्या डोळ्यांपुढे आता एक आश्रम नव्हता. ओळख घेणाऱ्यांत एका फुकट ऑपरेटिंग सिस्टीमची मंडळीही होती. त्यांनी नवी आवृत्ती आपल्या संग्रहात घेतली होती, तिथून ती कुणाकुणाच्या यंत्रावर उतरली असेल देव जाणे. ती बातमी आली तेव्हा वहिनींनी घरात सगळ्यांना गोड खाऊ घातलं होतं. उफणताना वाऱ्यावर गेलेला भुसा एकेक काडी करून गोळा करायचा, तर सुरुवात कुठून करायची? आणि कुणाला हाक मारायची, जर नावच कुणाचं विचारलं नसेल?

लॉरी एकदाची बाजूला झाली.

आश्रम म्हणजे एक लांब व्हरांडा आणि त्याला लागून ओळीनं खोल्या. जेवणं आटोपत आली होती, ताटांचा आवाज येत होता. मोठ्या सिस्टर कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून व्हरांड्यातच भेटल्या, आणि वहिनींना पाहून त्यांचा चेहरा फुलला. साक्षात ओळखच दारात आली म्हणायची, आता सगळ्या गोळ्या उठून नमस्कार करतील, असं काहीतरी त्या म्हणाल्या. मग त्यांनी भाऊजींच्या हातातलं यंत्र पाहिलं.

"नव्या बाबांना नांगराची गोळी दिलीत का?" भाऊजींनी विचारलं.

"पित्ताची ना? दिली की. सकाळी जळजळतंय म्हणाले, एक दिली. आता जेवल्यावर परत."

"आणि बी.पी.ची?"

"ती त्यांची वेगळी आहे. तीही दिली. का हो?"

भाऊजी उत्तर द्यायला थांबले नाहीत.

बाबा रेल्वेत गार्ड होते, म्हणून एका रात्रीत त्यांचं नाव गार्डबाबा पडलं होतं. ते पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते आणि उठायच्या बेतात होते. भाऊजींनी खांद्याला धरून त्यांना तसंच आडवं केलं.

"अरे, सिग्नल मिळालाय मला," गार्डबाबा कुरकुरले. पण आवाजात दम नव्हता. ओठ पांढरे पडले होते आणि कपाळावर घाम. "डोकं हलकं झालंय रे. बोगद्यात शिरल्यासारखं."

भाऊजींनी त्यांच्या पायांखाली उशा सारल्या, दंडाला पट्टा बांधला. यंत्र घुरघुरलं, थांबलं. आकडा पाहून भाऊजींनी तो कुणाला वाचून दाखवला नाही. कचेरीतला फोन वाजत होता. सिस्टर धावत गेल्या. जाऊबाईंनी डॉक्टरांना गाठलं होतं, आणि आता डॉक्टर स्वतः फोनवर होते. त्यांनी आकडा विचारला, गोळ्या विचारल्या, आणि सांगितलं की उठवू नका, थोड्या थोड्या वेळानं मोजत राहा, आणखी खाली गेला तर क्षणाचाही उशीर न करता कळवा, गाडी तयार ठेवतो.

मग वाट पाहणं उरलं. वाट पाहण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. जन्मठेपेतही सूट मिळते, हिच्यात नाही.

वहिनी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. ओठ हलत होते. एरवी त्यांना देव आठवायचा तो प्रोग्राम अडला की, आणि तेव्हाही त्या त्याच्याशी भांडायच्याच. आता भांडायला तोंड नव्हतं. नुसतं नाव घेत होत्या, एकामागून एक, जसं लहान मूल अंधारात आईला हाका मारतं. काही मागायचं नसतं, ती तिथे आहे एवढंच कळायला हवं असतं.

यंत्र पुन्हा घुरघुरलं. आकडा आणखी खाली. भाऊजींनी सिस्टरांकडे पाहिलं आणि मान हलवली. सिस्टर फोनकडे गेल्या, गाडी निघाली म्हणून सांगत परत आल्या.

"झेंडा कुठला आहे?" गार्डबाबांनी डोळे न उघडता विचारलं.

"पिवळा," भाऊजी म्हणाले. "सावकाश जायचं. झोपू नका, बोलत राहा."

"बोलायला काय, गार्डाशी कुणी बोलत नाही. सगळे ड्रायव्हरशी बोलतात. गार्ड शेवटच्या डब्यात एकटा."

भाऊजींनी त्यांना विचारलं, कुठल्या गाड्यांवर होतात, पहिली नेमणूक कुठली, शिट्टी लाकडाची होती की पितळेची. गार्डबाबा तुटक तुटक सांगत राहिले. सिस्टरांनी वहिनींना दंडाला धरून बाहेर नेलं. गोळी चुकीची गेली हे सिस्टरांना भाऊजींच्या प्रश्नांवरूनच कळलं होतं, आता राग यायला वेळ मिळाला होता.

कचेरीत टेबलावर आश्रमाचा लॅपटॉप होता, त्यावर ओळख उघडा. वहिनींनी हात पुढे केला तेव्हा सिस्टरांनी पडदा मिटला आणि त्यावर तळहात ठेवला.

"काय करताय?"

"ही प्रत पुसायला हवी. यात नांगरासारख्या आणखी किती चुका असतील, सांगता येत नाही."

"तुम्हीच दिलीत ना मला? देताना म्हणालात, सिस्टर, हे आता तुमचं, कुणाच्या बापाला परत मागता येणार नाही."

तसं त्या म्हणाल्या होत्या. ओळखच्या लायसन्समध्येही त्यांनी स्वतःच्या हातानं तेच लिहिलं होतं: एकदा दिलेला हक्क कधीही परत घेतला जाणार नाही. ते वाक्य त्यांचं फार आवडतं होतं.

"प्रोग्राम माझा होता, तो तुमचाच आहे," वहिनी म्हणाल्या. "गोळ्यांचं ते माझं नव्हतं, सिस्टर. दुसऱ्यांचं होतं. ते मी उचलून दिलं, आणि दिल्यावर त्याकडे वळून पाहिलं नाही."

सिस्टरांनी तळहात काढला नाही. त्या सांगू लागल्या की हे नव्हतं तेव्हा त्या काय करायच्या. नातेवाईक पिशवी ठेवून गाडीला किल्ली मारून जातात. आतलं काय ते कुणाला ठाऊक नसतं. मग अख्खी पिशवी कचऱ्यात, आणि डॉक्टर येईपर्यंत माणूस औषधावाचून. एक आजी अशाच गेल्या. त्या औषधावाचूनच गेल्या असं कुणी म्हणू शकणार नाही, पण सिस्टर मनात म्हणायच्या. तेव्हा कुणाचं भांडार आलं नव्हतं मदतीला. आज तुम्ही दोघं धावत आलात, उपकार झाले; पण उद्या पुन्हा पिशवी येईल. उद्या मी काय करू, ते सांगा आणि खुशाल पुसा.

भाऊजी दारात येऊन उभे होते. "थांबला आकडा," ते म्हणाले. "खाली गेला नाही. वर नाही अजून, पण थांबला." मग सिस्टरांचं शेवटचं त्यांनी ऐकलं असावं. "दुकानात फोन करत जा. भांडार माझ्यासमोर उघडंच असतं."

"तुमचा फोन लागतो कधी? लग्न ठरलेल्या पोरासारखा सदा एंगेज."

हे खरं होतं. दुकानात एकटा माणूस; गिऱ्हाईक, डॉक्टर, कंपनीवाले, सगळे एकाच फोनवर.

"मी बसेन फोनवर," वहिनी म्हणाल्या.

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"वेगळी लाइन घेऊ. दिवसभर मी घरातच असते. तुम्ही गोळीचं वर्णन सांगा, मी भांडारात शोधते, अडलं तर खाली भाऊजींना विचारते. आम्ही दोघांनी हो म्हटल्याशिवाय गोळी द्यायची नाही."

"तुम्हाला गोळीतलं काय कळतं?" भाऊजींनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, खरीच शंका होती.

"काही नाही. म्हणूनच विचारून विचारून सांगेन."

सिस्टरांनी तळहात उचलला. "तुमच्या हातानं पुसा. माझ्यानं होणार नाही."

वहिनींनी पुसलं. प्रोग्राम राहिला, आतलं सगळं ज्ञान गेलं. पडद्यावर रिकामी चौकट लुकलुकत राहिली.

गाडी आली तोवर गार्डबाबांचा आकडा थोडा वर सरकला होता. डॉक्टर मागोमाग आले, तपासलं, आणि आज रात्र दवाखान्यात ठेवू म्हणाले. स्ट्रेचरवर चढताना गार्डबाबांनी भाऊजींचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. जळजळ अजून आहे, तिच्यावर कुणी काही देईल का, असं ते विचारत होते.

उतरताना घाटातलं पहिलं मोठं वळण आलं तिथे रेंज सापडते. वहिनींनी स्कूटर थांबवायला सांगितली. संध्याकाळ व्हायला फार वेळ उरला नव्हता. लॅपटॉप रस्त्याच्या कठड्यावर ठेवून त्या उभ्यानंच कामाला लागल्या आणि भाऊजी वाहनांचा अंदाज घेत त्यांच्या मागे उभे राहिले. त्यांनी आवृत्ती मागे घेतली. प्रत नसलेली नवी आवृत्ती चढवली. ऑपरेटिंग सिस्टीमच्या मंडळींना कळवलं. आणि ओळखच्या पहिल्या पानावर, जिथे कौतुकाची पत्रं लावलेली होती ती काढून, काय घडलं ते लिहिलं: भांडाराची प्रत वाटण्याचा हक्क मला नव्हता, तरी मी वाटली, तिच्यातली एक नोंद जुनी होती आणि त्यामुळे एका माणसाचा जीव धोक्यात आला, ज्यांच्याकडे ही प्रत आहे त्यांनी ती पुसावी, ज्यांनी पुढे दिली त्यांनी पुढे सांगावं. पुसाच, असं म्हणायचा अधिकार मला नाही. विनंती करते.

मग भांडाऱ्यांना पत्र. त्यात एक विचारणाही केली. प्रत द्यावी, पण मुदतीची द्यावी. मुदत संपली की तिनं आपोआप गप्प व्हावं, ताजी केल्याशिवाय बोलू नये. रेंज नसलेल्यांना तेवढा तरी आधार होईल.

उत्तर त्या कठड्यावरच आलं. भांडारी जागेच असावेत, पत्राची वाट पाहत.

"प्रत मागे घेतलीत, आभार. गार्ड कसे आहेत ते कळवा. मुदतीची कल्पना वाईट नाही. मात्र अट बदलायची तर प्रत्येक देणाऱ्याला विचारावं लागेल. काही आता हयात नाहीत."

वहिनींनी ते दोनदा वाचलं. गार्डांचं यांना कुणी सांगितलं? मागे पाहिलं तर भाऊजी दुसरीकडे बघत होते.

"माझ्या फोटोंना माझी संमती आहे," ते म्हणाले. "लिहून देतो."

"आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं बाकीच्यांना विचारा. जे नाहीत त्यांच्या घरच्यांना विचारा. जन्म जाईल."

"जाऊ दे," वहिनी म्हणाल्या.

विनंतीला उत्तरं येऊ लागली. काहींनी पुसलं आणि तसं कळवलं. एकानं लिहिलं की दिलेलं परत मागणाऱ्या दानशूर बाई प्रथमच पाहिल्या. ऑपरेटिंग सिस्टीमच्या मंडळींनी प्रत काढून टाकली, पण त्यांच्या संग्रहावरून तोवर आणखी कुणी घेतली होती हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. बाकी सारी शांतता. त्या शांततेत कुठेतरी एखादा ट्रे असेल, एखादा नांगर असेल, हे वहिनींना झोपेतही कळत असे.

गार्डबाबा आश्रमात परतले. दवाखान्यातून येताना मुलानं आणखी एक पिशवी दिली होती.

वहिनींच्या टेबलावर आता नवा फोन होता. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा त्यांनी भांडार उघडलं, पेन्सिल घेतली आणि खाली भाऊजींना हाक मारून ठेवली. पलीकडून सिस्टर म्हणाल्या की गोळी पिवळसर आहे, लांबट, मधे रेघ आहे, आणि अक्षरं दोन. एक नक्की दिसतंय. दुसरं पुसट आहे.

पडद्यावर तशा पिवळ्या गोळ्यांची रांग उभी होती. त्यातली एक हृदयाची, एक नुसती जीवनसत्त्वाची.

"उजेडाकडे धरा," वहिनी म्हणाल्या.

"धरली."

"चष्मा लावलाय?"

"शोधते आहे."

"शोधा. घाई करू नका, सिस्टर. मी फोन ठेवत नाही."